मागच्या भिंतीची नोटीस

पाय झाकायचा नाही, असं नवनाथने आबांना सकाळपासून तिसऱ्यांदा बजावलं.

"चादर घेऊ नका. लेंगा गुडघ्यापर्यंत वर. आणि मास्तर आले की उठायचा प्रयत्न करायचा. उठायचं नाही, नुसता प्रयत्न."

"मना पाय म्हंजे काय देव शे का? दर्शनाले मांडस?" चिंधा बेडसे खाटेवरून म्हणाले. अठरा वर्षं सिल्वासात काढली तरी घरात ते साक्रीची अहिराणीच बोलत.

"देवच आहे. आज पावणार आहे."

आज सौदा होता. नवनाथच्या कंपनीला गुरुवारी सुट्टी, म्हणून गुरुवार. तिरोडकर मास्तर शाळेतून निवृत्त होऊन कोकणात परत चालले होते आणि त्यांचं आमलीतलं घर विकायला निघालं होतं. दलालांची रांग लागली असताना मास्तरांनी निरोप धाडला होता तो इथे, नरोलीला, बेडश्यांच्या भाड्याच्या खोलीत: घर आधी चिंधाभाऊंना, आणि बाजारभावाच्या निम्म्याने.

निम्म्याने का, हे सगळ्यांना माहीत होतं. शहाऐंशीच्या श्रावणात त्याच घराची मागची भिंत पडली होती. मागच्या दोन खोल्यांत बेडसे कुटुंब भाड्याने राहत होतं आणि भिंतीखाली सापडले ते चिंधा. उजवा पाय गुडघ्याखाली जुळला, पण वाकडा. सुताच्या मिलमधली मशीन सुटली आणि कंपनीने त्यांना गेटवर स्टूल टाकून बसवलं. लोक म्हणाले, मास्तरावर केस ठोका. चिंधांनी हात जोडून सांगितलं, पोलीस नको, पंचायतीत तक्रार नको, मास्तर भला माणूस आहे. त्या एका वाक्यावर चिंधा बेडसे नरोलीपासून खानवेलपर्यंतच्या खानदेशी लोकांत देवमाणूस झाले. लग्नात, बारशात त्यांना पुढची खुर्ची मिळायला लागली. त्यांच्या बायकोच्या, आक्काबाईंच्या मते त्या खुर्चीनेच त्यांचं पोट सुटलं होतं.

"घरावर काही नोटीस-बिटीस नाही ना, ते बघितलं का कोणी?" जयाने विचारलं. ती थोरली मुलगी, वापीला दिलेली, सौद्यासाठी सकाळच्या बसने आली होती.

"कसली नोटीस?" नवनाथ म्हणाला.

"दुरुस्तीची. आमच्या शेजारच्यांनी मागच्या वर्षी घर घेतलं. पेढे वाटले. महिन्याभरात दारावर कागद. म्हणे जिना पाडा, स्लॅब पाडा, तीन वर्षांपूर्वीच नोटीस दिलीय. जुन्या मालकाने कागद दाबून ठेवला होता."

"मास्तर असं करणार नाहीत."

"ज्याच्या घराची भिंत बापाच्या अंगावर पडली, त्याचं किती कौतुक तुला!"

"कौतुक नाही, ताई. आज भाव पाडायचाय. आज कौतुक नको आणि चौकशीही नको."

रोहिणी, नवनाथची बायको, चहाचे कप विसळत होती. नणंदेचं आणि तिचं दोन वर्षं 'जेवलीस का' आणि 'हो' यापलीकडे बोलणं नव्हतं. जयाने दिवाळीत तिच्या पुरणपोळीला 'चपाती छान झालीय' म्हटलं होतं, तेव्हापासून. पण मास्तरांच्या घराच्या जिन्याखाली तिने परवाच एक तडा पाहिला होता आणि नवऱ्याने तो 'डिझाईन' म्हणून उडवून लावला होता.

"मी जाते पंचायत कचेरीत," ती हात पुसत म्हणाली. "ताई, येता?"

जयाने तिच्याकडे असं पाहिलं की जणू भिंत बोलली.

"जा, जा," आक्काबाई म्हणाल्या. "दोघी एका रिक्षात बसून परत आल्या, तर घर न घेताही मी देवाले नारळ फोडीन."

*

कचेरीत पंख्याखाली नलिनी परब बसल्या होत्या. मालवणकडच्या, वीस वर्षं त्याच टेबलावर. त्यांनी अर्ज वाचला, चष्म्यावरून दोघींना पाहिलं आणि विचारलं, "बहिणी?"

"नाही," दोघी एकदम म्हणाल्या.

"मग नणंद-भावजय. बसा. आमली, तिरोडकर. कोणत्या सालापासून बघू?"

"पहिल्यापासून," रोहिणी म्हणाली.

"बाई, पहिल्यापासून बघायला गेलात तर पोर्तुगीज निघतील. पंच्याऐंशीपासून देते."

त्यांनी कपाटातून तीन रजिस्टरं काढली आणि टेबलावर आपटली. धूळ उडाली. जया शिंकली. रजिस्टरात थोडं गुजराती होतं, थोडं मराठी, थोडं इंग्रजी, ज्या वर्षी जो कारकून होता त्याप्रमाणे. रोहिणी नवापूरची, तिला गुजराती सरळ वाचता येत होतं. ती बोट फिरवत गेली.

"त्र्याण्णव. मोरीचं पाणी रस्त्यावर येतं. दुरुस्त केलं, पाहणी झाली, निकाली." तिने पान उलटलं. "पंच्याण्णव. जिना. आधार द्यावा. दिला. निकाली. म्हणजे तो तडा नंतर गिलावा केल्याचा आहे."

"म्हणजे डिझाईनच," जया म्हणाली. आणि दोघींना हसू आलं. दोघींनी ते लगेच आवरलं.

"चांगला माणूस आहे तुमचा मालक," नलिनीबाई म्हणाल्या. "नोटीस मिळाली की आठवड्यात गवंडी. असे इथे चार निघायचे नाहीत."

"मग शहाऐंशी साली काय झालं होतं त्यांना?" जया म्हणाली. "भिंत पडली तेव्हा?"

नलिनीबाईंनी सगळ्यात जाडं रजिस्टर पुढे ढकललं.

नोंद होती. सतरा एप्रिल एकोणीसशे शहाऐंशी. मागची भिंत फुगली आहे, तिच्या पायात पाणी मुरतं, तीस दिवसांत उतरवून नव्याने बांधावी. तोपर्यंत मागच्या दोन्ही खोल्या रिकाम्या कराव्यात. शेरा: घरमालक बाहेरगावी, नोटीस भाडेकरूच्या हाती दिली. आणि शेवटच्या रकान्यात, मिळाल्याची सही.

जयाने सही पाहिली. ती सही सबंध सिल्वासात एकाच माणसाची असू शकत होती. 'चिंघा बेडसे.' 'धा' लिहायला घेतला की त्याचा 'घा' व्हायचा. रेशनकार्डावर 'घा', बँकेत 'घा'. मास्तरांच्याच प्रौढ शिक्षणाच्या वर्गात ते सही शिकले होते, आणि मास्तरांनी शंभरदा सांगूनही सुधारले नव्हते.

"कोण हा चिंघा?" नलिनीबाईंनी विचारलं.

"आमचे ओळखीचे आहेत," रोहिणी म्हणाली.

रिक्षा दमणगंगेच्या पुलावर आली. मग रोहिणी म्हणाली, "घरावर काही नाही. जे आहे ते आबांवर आहे."

जया नदीकडे बघत होती.

"ताई, ऐका माझं. मास्तर निम्म्याने देतायत. मी पाच वर्षं त्या एका खोलीत राहतेय. मोरीत अंघोळ करताना दाराला पाठ लावून उभी राहते, कारण कडीच नाही. सौदा होऊ दे. मग सांगायचं तर सांगा, नाही तर राहू दे."

"आणि मास्तर? अकरा वर्षं तो माणूस आमच्या समोर मान वर करत नाही."

"कोकणात जाऊन करतील."

जयाला राग यायला हवा होता. पण तिला वेगळंच काही सतावत होतं. ती बोटांवर काहीतरी मोजत होती, पुन्हा पुन्हा, आणि दर वेळी उत्तर चोवीसच येत होतं. "ठीक आहे," ती म्हणाली. "मी गप्प बसते."

*

घरी आल्यावर नवनाथने विचारलं, "काय निघालं?"

"काही नाही. घर स्वच्छ आहे," रोहिणी म्हणाली. मग पाण्याचा तांब्या घेऊन ती खाटेपाशी गेली आणि तांब्या देता देता सासऱ्याच्या कानाशी वाकली. "आबा, शहाऐंशीचं रजिस्टर बघितलं. सही 'घा'ची आहे. मी काही बोलणार नाही. तुम्हीही बोलू नका."

चिंधांनी तांब्या घेतला आणि सगळं पाणी एका दमात प्यायलं. अकरा वर्षं त्यांना वाटत होतं की ते रजिस्टर उंदरांनी खाल्लं असेल. सरकारी कचेरीतले उंदीरही कामचुकार निघाले.

त्यांनी स्वयंपाकाच्या कोपऱ्यात पाहिलं. आक्काबाई भजी तळत होत्या. बायकोलाही माहीत नव्हतं. त्यांनी जयाकडे पाहिलं, तर जया त्यांच्याकडेच बघत होती, म्हणून त्यांनी छताकडे पाहिलं.

चारला पाच मिनिटं असताना दारात लुना थांबली. तिरोडकर मास्तर आत आले. पांढरा शर्ट, हातात पेढ्यांचा पुडा, आणि अकरा वर्षांत वाकलेले खांदे. नवनाथने त्यांना ठरवलेल्या खुर्चीवर बसवलं. समोर पाय होता.

"उठू नका, उठू नका चिंधाभाऊ," मास्तर म्हणाले. चिंधा उठायचा प्रयत्नही करत नव्हते. नवनाथने डोळे वटारले.

"पावसाळ्यात फार दुखतो," नवनाथने सुरुवात केली. "रात्र रात्र झोप नाही. मुंबईला दाखवलं. डॉक्टर म्हणाले, तेव्हाच नीट बसवला असता तर…"

"हो ना," मास्तर पुटपुटले.

"वरून गिलाव्याचा खर्च, रंगाचा खर्च. म्हणजे मास्तर, निम्मं म्हटलंत तुम्ही, पण निम्म्यातही थोडं…"

"नवनाथ, तू म्हणशील तो भाव. मी भाव करायला आलोच नाही." मास्तरांनी पुडा खाली ठेवला. "मला फक्त एकदा बोलायचंय. जायच्या आधी. भिंतीला ओल दिसत होती, मला दिसायला हवी होती. शाळा, शिकवण्या यात मी मागे फिरकलो नाही. तुम्ही केस केली नाहीत. दुसरा कोणी असता तर माझी नोकरी गेली असती. माझी लीला म्हणायची, ह्या माणसाच्या पुण्याईवर आपण भाकरी खातो. तुमच्या पायासाठी ती संकष्टी धरायची. शेवटच्या आजारातही सोडली नाही."

आणि मास्तर खुर्चीवरून उतरून खाली बसले. त्यांनी दोन्ही हात पुढे केले आणि त्या वाकड्या पायाला लावले.

नवनाथच्या मनात आलं, आता तिसऱ्या हिश्शाने मिळेल.

चिंधांना ते हात लागले तेव्हा चटका बसल्यासारखं झालं. लोकांनी दिलेल्या खुर्च्या त्यांनी आरामात उबवल्या होत्या. पण ज्याने पाटीवर हात धरून आपलं नाव लिहायला शिकवलं, तो माणूस जमिनीवर बसलेला त्यांना बघवेना. वर ती बाई उपाशी राहत होती म्हणे. चतुर्थीला, ह्या पायासाठी!

"मास्तर, पाय सोडा."

"राहू दे चिंधाभाऊ, मला…"

"सोडा म्हणतो ना! नोटीस आली व्हती."

"कसली?"

"पंचायतीची. भिंत पाडा म्हणून. तुम्ही गावी व्हते. मी घेतली. सही मनीच शे."

रोहिणीने डोळे मिटले. आक्काबाईंचा झारा कढईतच राहिला आणि भजी जळायला लागली.

"मग मला दिली का नाही?" मास्तरांनी विचारलं. आवाज अजून नोटिशीइतकाच कोरडा होता.

"कंटाळा. खोल्या खाली करायच्या, सामान काढायचं, दोन महिने कुठे जायचं! म्हटलं, देऊ पुढच्या महिन्यात. मग महिना उलटून गेला. मग वाटलं, इतक्या उशिरा दिली तर मास्तर रागावतील. मग पडली भिंत."

"आणि केस केली नाहीस…"

"केस केली असती तर रजिस्टर निघालं असतं."

मास्तर हळूहळू उठले. खांदे, जे अकरा वर्षं खाली होते, ते वर आले. चेहरा लाल झाला. आणि तिरोडकर मास्तर असे ओरडले की शेजारच्या खोल्यांतले बिहारी पोरगे नाइट शिफ्टच्या झोपेतून उठून बाहेर आले.

"अरे गाढवा! चिंध्या! अकरा वर्षं! अकरा वर्षं मी तुझ्या गेटवरून जायला नको म्हणून कालव्यावरून फिरून जायचो! दोन मैल! लीला मरताना म्हणाली, चिंधाच्या पायाचं बघा! माझ्या बायकोचा शेवटचा शब्द तुझा पाय, हरामखोरा!"

आणि त्यांनी चिंधांचा कान धरला. साठीच्या माणसाने साठीच्या माणसाचा. धरला आणि पिळला, जसा तीस वर्षं पोरांचा पिळला होता तसा, अंगठ्याने दाबून.

"आई गं!" चिंधा कळवळले, पण मान सोडवून घेतली नाही. उलट थोडी पुढेच केली.

"सोडा त्यांना!" असं कोणीतरी म्हणायला हवं होतं. आक्काबाई झारा घेऊन पुढे आल्या आणि म्हणाल्या, "दुसरा बी पिळा, मास्तर. देवमाणूस! मी ह्याच्या पायाले तेल लावता लावता म्हातारी झाले."

फक्त नवनाथ जागचा हलला नव्हता. "माझा आयटीआयला नंबर लागला होता, आबा," तो म्हणाला.

कान सुटला.

"फिटरला. फी भरायची होती. तुमची मशीन सुटली म्हणून मी कंपनीत लागलो. सतरा वर्षांचा होतो. रोज सकाळी गेटवर कार्ड पंच करताना मी मास्तरांच्या आईवरून शिवी द्यायचो. रोज. तुम्ही स्टुलावर बसून ऐकायचात."

चिंधांनी लेंगा खाली ओढून पाय झाकला.

नवनाथ बाहेर गेला. हातपंपाचा आवाज बराच वेळ येत राहिला. रोहिणी त्याच्या मागे गेली नाही. तिने जळालेली भजी बाजूला काढली, चांगली बशीत घेतली आणि मास्तरांसमोर ठेवली.

"मास्तर, तुम्ही आता घर आम्हाला देणार नसाल तर समजू शकते. पण देणार असाल तर भाव सांगा. पायाचा धरू नका, घराचा सांगा. मी कचेरीत जाऊन बघून आलेय. मोरी केलीत, जिना केलात, भिंत नवी आहे. घर चांगलं आहे."

मास्तर धापा टाकत होते. त्यांनी एक भजं उचललं, खाल्लं, आणि मग दुसरं.

"बाजारभावाने," ते म्हणाले.

"बाजारभावाने."

"एक पैसा कमी नाही."

"वरच्या दोन खोल्या आम्ही भाड्याने देऊ आणि हप्त्याने फेडू. तुम्ही थांबाल का?"

"तू कोणत्या शाळेत होतीस गं?"

"नवापूरला."

"तरीच." मास्तरांनी तिसरं भजं घेतलं. "थांबेन."

नवनाथ आत आला तेव्हा तोंड धुतलेलं होतं आणि डोळे लाल होते. त्याने मास्तरांच्या समोर हात जोडले. "मास्तर, ती शिवी… तुमच्या आईंना…"

"आई माझी बासष्ट साली गेली. तिला काही ऐकू आलं नसेल. बस."

मग तो वडिलांकडे वळला. "मी तुमच्याशी महिनाभर बोलणार नाही."

"महिनाच?" चिंधांनी कान चोळत विचारलं.

"बघू," नवनाथ म्हणाला, आणि तो चिडूनच म्हणाला.

*

मास्तर गेले. जाताना त्यांनी दारात लुना पहिल्या पायडलला सुरू केली आणि नदीकडे, सरळ रस्त्याने गेले. नवनाथ आणि रोहिणी बँकेच्या माणसाला गाठायला बाहेर पडले. आक्काबाई शेजारणीला सगळं सांगायला गेल्या, म्हणजे तासाभरात नरोलीत कळणार होतं, आणि यापुढे लग्नात खुर्ची मिळेल की सतरंजी ते सांगता येत नव्हतं.

जयाची बस साडेपाचला होती. तिने पिशवी भरली आणि खाटेच्या कडेला येऊन बसली.

"आबा, नोटीस सतरा एप्रिलची होती."

"असंल."

"माझं लग्न अकरा मेला होतं. त्याच घरात. मागच्या अंगणात मांडव होता. चोवीस दिवस मध्ये होते."

चिंधा छताकडे बघत राहिले. छताला पाल होती, ती निघून गेली, तरी बघत राहिले.

"खोल्या रिकाम्या केल्या असत्या तर मांडव कुठे घातला असता? सोयरीक मोडली असती. ते आधीच म्हणत होते, मुलीकडे घर नाही, भाड्याने राहतात."

"तुन्हा लगनमा बुंदी कच्ची व्हती," चिंधा म्हणाले.

"आबा."

"आचारी चोर व्हता. साजूक तूप घेई गया आणि डालडा वापरला."

"आबा, कंटाळा खोटा आहे ना?"

बाहेर शिफ्ट सुटली होती. सायकलींच्या घंट्या, कोणीतरी हिंदीत कोणाला तरी हाक मारत होतं. मग चिंधांनी आपला जाड, गाठी पडलेला हात मुलीच्या डोक्यावर ठेवला, जरा जोरातच, जसं कोणी टोपलीवर झाकण ठेवावं.

"जावयाले सांगू नको हां," ते म्हणाले. "उगीच त्याले वाटीन, आपली किंमत एक आख्खा पाय व्हती. तितका काई तो नही."

जया हसली. इतक्या मोठ्याने हसली की शेजारणीकडून आक्काबाईंनी हाक मारून विचारलं, काय झालं. तिला उत्तर देता आलं नाही. ती हसत होती, पदर तोंडावर दाबून, आणि पदर भिजत चालला होता. साडेपाचची बस गेली. ती साडेसातच्या बसने गेली.